नव्या सिस्टरला वॉर्डात तयार करताना: पहिल्या बारा आठवड्यांची कामं, क्रमाने

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून मुलगी वॉर्डात रुजू होते. इन्चार्ज सिस्टर तिला एखाद्या अनुभवी सिस्टरच्या हवाली करतात आणि म्हणतात, "हिला जरा बघा." इथपर्यंतचं सोलापुरातल्या मोठ्या सरकारी वॉर्डापासून वीस खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे होतं. पुढचं मात्र कुणी ठरवलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी ती फार्मसीच्या फेऱ्या मारत असते, दुसऱ्या आठवड्यात नाईटला एकटी असते, आणि पहिली चूक झाली की तिला ऐकावं लागतं, "कॉलेजात शिकवलं काय तुम्हाला?"

शिकवण्याची इच्छा बहुतेक सिस्टरांना असते. गडबड होते ती क्रमात. म्हणून खाली क्रमच दिला आहे. पहिला टप्पा इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रनसाठी आहे, पुढचे सगळे शिकवणाऱ्या सिस्टरसाठी. नव्याने आलेल्या ब्रदरलाही (पुरुष नर्सलाही) हेच लागू.

## १. जोडी लावण्याआधी

पहिले दोन आठवडे जे बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा या टप्प्यात असतं. नवी सिस्टर येण्याच्या आदल्या आठवड्यातच ही कामं उरका.

कागद आणि लस. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत फाईलला लावा. निकाल लागला पण नोंदणी हातात आलेली नाही, अशी मुलगी असेल तर तिच्या एकटीच्या सहीवर कोणतंही काम चालवू नका. हेपेटायटिस बी लसीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झालेत का ते कागद पाहून खात्री करा. "कॉलेजात दिली होती" एवढ्यावर थांबू नका. राहिलेला डोस लगेच द्या.

शिकवणारी कोण? वॉर्डातली सगळ्यात तरबेज सिस्टर निवडण्याचा मोह होतो. तिचा हात इतका बसलेला असतो की मधल्या पायऱ्या तिच्या तोंडून निघतच नाहीत. त्याच वॉर्डात दोन-तीन वर्षं काढलेली, आणि हातात काम असतानाही प्रश्नाला सरळ उत्तर देणारी सिस्टर निवडा. एका सिस्टरकडे एकच नवी मुलगी द्या.

ड्युटी चार्ट. पहिले चार आठवडे दोघींची पाळी एकच ठेवा, जमेल तितकं ऑफही एकाच दिवशी. एकीला सकाळ आणि दुसरीला दुपार लावली तर ती जोडी कागदावरच राहते. दुसऱ्या, बदली सिस्टरचं नावही त्याच दिवशी लिहून ठेवा. आपल्याकडे आषाढीला पंढरपूरच्या ड्युट्या निघतात, स्टाफ तिकडे जातो आणि नवी मुलगी ऐन गर्दीत पोरकी होते. जून-जुलैत रुजू होणारी असेल तर बदली नाव आधी ठरवा आणि मग जोडी लावा.

कामाचा भार. पहिले दोन आठवडे शिकवणाऱ्या सिस्टरच्या खाटा साधारण एक तृतीयांशाने कमी करा. ते शक्यच नसेल तर निदान इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), स्टॉक रजिस्टर, फोन ही कामं तिच्याकडून काढून घ्या. पूर्ण भार ठेवून शिकवायला सांगितलं की ती अवघड काम स्वतः करून मोकळी होते, कारण तेच लवकर होतं.

कौशल्यपत्रक. तुमच्या वॉर्डात रोज लागणारी वीस-पंचवीस कामं एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने आखा: पाहिलं, सोबत केलं, नजरेखाली केलं, एकटीने केलं. दुसऱ्या हॉस्पिटलचा छापील कागद आणू नका. सर्जरी वॉर्डाला ड्रेन आणि ड्रेसिंग लागतं, मेडिसिनला नेब्युलायझर आणि इन्सुलिन. यादी वेगळीच निघणार.

> तपासणी: चार्टवर दोघींची पाळी एक आहे? बदली नाव लिहिलंय? कौशल्यपत्रक तयार आहे? एकही उत्तर "नाही" असेल तर रुजू होण्याचा दिवस पुढे ढकललेला परवडतो.

## २. पहिला दिवस: औषधाला हात नाही

पहिल्या दिवशी नव्या सिस्टरने एकही औषध द्यायचं नाही. वॉर्ड तिच्या पायाखालचा झाला पाहिजे.

इमर्जन्सी ट्रॉलीचे खण तुम्ही उघडून दाखवू नका, तिला उघडायला लावा. ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), ॲड्रेनलिन, सक्शन कॅथेटर, ग्लुकोमीटर, २५ टक्के डेक्स्ट्रोज या पाच वस्तू एका मिनिटात काढून दाखव म्हणावं. दुपारी पुन्हा तेच. ऑक्सिजन सिलिंडर तिने स्वतः उघडून फ्लोमीटरवर प्रवाह लावून पाहावा, सक्शन मशीन सुरू करून नळीने पाणी ओढून पाहावं. ट्रॉली कुठे आहे हे माहीत असणं आणि घाईत तिच्यातून हवी ती वस्तू बाहेर काढणं यात फार अंतर आहे.

कचऱ्याचे डबे त्याच फेरीत करा. पिवळ्यात रक्त-पूं लागलेला कापूस व ड्रेसिंग, लाल डब्यात सलाईन सेट, कॅथेटर असं प्लास्टिक, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काचेच्या बाटल्या आणि अँप्युल. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

सुई टोचली तर काय करायचं हेही आजच सांगा, कारण नवीन हाताला पहिल्या काही महिन्यांतच टोचण्याची भीती जास्त. जागा साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, स्पिरिट चोळायचं नाही. लगेच इन्चार्जला सांगायचं. पेशंटचे एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपेटायटिस बी), एचसीव्ही (हेपेटायटिस सी) रिपोर्ट बघायचे. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून पोरी टोचलेलं लपवतात आणि तास वाया जातात. "टोचलं तर मला आधी सांग, रागावणार नाही" हे वाक्य तिच्या कानावर पडलं पाहिजे.

वॉर्डातल्या मामा-मावशींची (वॉर्डबॉय आणि आया यांची) ओळख नावानिशी करून द्या. पेशंटसमोर तिला नावाने "ए" करून हाक मारू नका, "सिस्टर" म्हणा. तुम्ही जशी हाक माराल तसंच नातेवाईक तिच्याशी वागतील.

## ३. पहिला आठवडा: मोजणं आणि ओव्हर

या आठवड्यात दोनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली, श्वास मोजणं. कोणत्याही वॉर्डाचा टीपीआर चार्ट उघडा. बऱ्याच ठिकाणी तापमान वेगवेगळं, नाडी वेगवेगळी, पण श्वासाच्या रकान्यात ओळीने सगळ्यांना २० लिहिलेलं दिसेल. नवी मुलगी आल्यावर दोन दिवसांत तीही २० लिहायला लागते. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि तोच आकडा आपण अंदाजाने भरतो. तिला घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. नाडी मोजून झाल्यावर हात तसाच मनगटावर ठेवून छातीकडे बघायचं, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही. त्याच पेशंटचा श्वास तुम्हीही मोजा. दोन आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनी पुन्हा मोजा. मोठ्या माणसात १२ ते २० हा नेहमीचा पल्ला. २४ वर गेला की तिने तुमच्याकडे यायचं, सांगितलं नसलं तरी.

दुसरी, ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं. ओव्हर टेबलावर बसून घेऊ नका, खाटेपाशी घ्या. पहिले तीन दिवस ती फक्त ऐकेल आणि वहीत लिहील. चौथ्या दिवसापासून दोन पेशंटचा ओव्हर ती देईल, तुम्ही शेजारी उभ्या राहाल. क्रम एकच ठेवा: खाट क्रमांक, नाव, वय, निदान, आज काय बदललं, कोणत्या नळ्या-लाईनी आहेत, काय द्यायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. बोलता बोलता हाताने बघायचं: सलाईनची जागा सुजली आहे का, युरिन बॅगेत किती आहे, ड्रेसिंग ओलं आहे का. "बाकी सगळं ठीक" हे वाक्य बंद करा. त्याच वाक्याखाली राहिलेली अँटिबायोटिक दडलेली असते.

> सावधान: सोलापुरात तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारे पेशंट रोजचे आहेत. पेशंटने मान हलवली म्हणजे त्याला कळलं, असं नवी मुलगी समजते. दुखणं, श्वास, लघवी, चक्कर, औषधाची ॲलर्जी हे पाच प्रश्न त्या भाषांत वहीच्या पहिल्या पानावर देवनागरीत लिहून घ्यायला लावा. तेलुगूत "नोप्पी उंदा?", कन्नडमध्ये "नोवु इदेया?" एवढं विचारता आलं तरी दुखतंय का ते समजतं. ॲलर्जीचा प्रश्न मात्र भाषा येणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच विचारून घ्या, सोबतच्या लहान मुलाकडून नको.

## ४. दुसरा ते सहावा आठवडा: चार पायऱ्या

प्रत्येक काम चार पायऱ्यांनी जाईल. तुम्ही करता आणि ती बघते. ती मदत करते. ती करते आणि तुम्ही हात मागे ठेवून बघता. शेवटी ती एकटी करते. सलाईनची सुई लावणं असो की कॅथेटर घालणं, पायरी गाळायची नाही.

सगळ्यात जास्त गाळली जाते ती तिसरी. शिकवणारी सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळते आणि काम झाल्यावर विचारते, "झालं का?" तिकडून "हो" येतं आणि रकान्यात सही होते. पण हात कुठे चुकला ते कुणीच पाहिलेलं नसतं. व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची सलाईनची सुई) लावताना टूर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) किती वेळ बांधला, स्पिरिट सुकू दिलं का, पुसलेल्या जागेला परत बोट लावलं का, हे निकालावरून कळत नाही. शीर मिळाली तरी यातलं सगळं चुकलेलं असू शकतं.

पाहताना मध्ये बोलू नका. पेशंटला इजा होणार असेल तरच थांबवा, आणि "थांब" एवढाच शब्द वापरा, कारण नंतर सांगा. एखाद्या पेशंटला दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर तिसऱ्यांदा तुम्ही लावायची, हे आधीच ठरवून ठेवा. तिची जिद्द पेशंटच्या हातावर नको.

पुढच्या पायरीवर न्यायचं ते दिवस मोजून नाही. साधी कामं लागोपाठ तीनदा न अडखळता झाली की न्या. कॅथेटर, रक्त चढवणं, सक्शन यांसाठी पाचदा.

> तपासणी: आठवड्याच्या शेवटी कौशल्यपत्रकावर एकाच तारखेच्या सात-आठ सह्या दिसल्या तर त्या एका दमात भरलेल्या आहेत. त्या खोडा आणि ती कामं पुन्हा पाहा.

ज्या छोट्या नर्सिंग होममध्ये अख्ख्या पाळीला एकच अनुभवी सिस्टर असते, तिथे बारा आठवडे मिळणं कठीण, हे मान्य. तिथे यादी कमी करा, पायऱ्या नको. आठच कामं चारही पायऱ्यांनी करून घ्या आणि बाकीची तिला सांगूच नका.

## ५. औषधं: इथे घाई नको

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तोंडी गोळ्या आधी, मग स्नायूतली इंजेक्शनं, मग शिरेतली, आणि धोक्याची औषधं सगळ्यात शेवटी. पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ हे पाठ करून ती आलेलीच असते. वॉर्डात ते कुठे घसरतं ते तुम्ही दाखवायचं.

इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल मिळतात. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. दोन्ही शेजारी ठेवा आणि तिला खुणा वाचायला लावा. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ०.२५ मिली येतं. त्यात १०० ची व्हायल भरली तर पेशंटला १० च्या जागी २५ युनिट गेले. उलट केलं, ४० ची व्हायल केशरी सिरिंजमध्ये १० पर्यंत ओढली, तर ०.१ मिली म्हणजे फक्त ४ युनिट. नातेवाईक बाहेरून जी सिरिंज आणतात ती न बघता वापरली की हेच होतं. व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दोन्ही जुळले की मगच सुई रबरात घालायची. इन्सुलिनची सिरिंज नसेल तर साध्या सिरिंजने अंदाज करायचा नाही, सिरिंज मागवायची.

पोटॅशियम क्लोराइड. १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतात. हे शिरेत सरळ कधीही द्यायचं नाही, हृदय थांबतं. डिस्टिल्ड वॉटरच्या १० मिली अँप्युलशी ते सहज घोटाळतं, म्हणून दोन्ही वेगळ्या खणांत ठेवा. बाटलीत घालताना आणखी एक चूक होते: टांगलेल्या, चालू सलाईनमध्ये ते टोचतात. ते तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत दाट औषध जातं. बाटली खाली काढायची, औषध घालायचं, पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची. हाताच्या शिरेतून ताशी १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर साधारणपणे जाऊ द्यायचं नाही.

हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. ५ मिलीच्या व्हायलमध्ये कधी एकूण ५,००० युनिट असतात, कधी २५,०००. दोघींनी वेगवेगळं गणित करायचं आणि उत्तर जुळवायचं. "मी केलंय, तू बघ" असं म्हटलं की ती तुमचंच उत्तर वाचते.

थेंबांचं गणित. रोज एक उदाहरण कागदावर करून घ्या. ५०० मिली चार तासांत, सेट २० थेंब प्रति मिलीचा: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचायचा, कारण मायक्रो सेट ६० चा असतो. रोलर लावून झाल्यावर पूर्ण मिनिट थेंब मोजायचे, आणि पंधरा मिनिटांनी परत. पेशंटने हात वाकवला की वेग बदललेला असतो.

रक्त. पिशवी आल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण. पिशवीचा क्रमांक आणि गट दोघींनी खाटेपाशी जुळवायचा, टेबलावर नाही. पहिली पंधरा मिनिटं तिने पेशंटजवळून हलायचं नाही. थंडी, कंबरदुखी, अंगावर गांधी, धाप यातलं काहीही दिसलं तर आधी रक्त बंद, मग हाक.

> सावधान: दुसऱ्याने भरलेली सिरिंज द्यायची नाही. सीनियर सिस्टरने दिली तरी नाही. हा नकार तिने तुम्हाला द्यावा, असं तुम्हीच तिला सांगा. एकदा मुद्दाम भरलेली सिरिंज पुढे करून बघा.

## ६. डॉक्टरांना फोन

कॉलेजातून आलेल्या मुलीला फोनचीच सर्वात जास्त धास्ती असते. "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" असं सांगून ती गप्प होते, पलीकडून चिडका आवाज येतो, आणि पुढच्या वेळी ती फोनच करत नाही. चौथ्या आठवड्यात हे शिकवा. फोन करण्याआधी केस पेपर हातात, ताजी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन कागदावर लिहिलेले. मग असं बोलायचं:

"सर, मेडिसिन वॉर्डातून स्टाफ बोलतेय. खाट नऊ, वय साठ, न्यूमोनिया, कालच ॲडमिट. अर्ध्या तासापासून धाप वाढली आहे. श्वास तीस, सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी, बीपी शंभर-साठ. डोकं वर केलंय, ऑक्सिजन चार लिटरवर लावलाय. तुम्ही येऊन बघावं."

शेवटचं वाक्य नेहमी गळतं. आपल्याला काय हवंय ते सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहायची, परत वाचून दाखवायची, पुढच्या राउंडला सही घ्यायची. आकडा सुटा बोलायचा: "पंधरा, एक-पाच." घाईत पंधरा आणि पन्नास कानाला सारखे लागतात.

पहिले तीन फोन तुमच्यासमोर आणि स्पीकरवर. पलीकडचा आवाज चढला तर फोन हातातून ओढून घेऊ नका, तिला पूर्ण करू द्या.

## ७. चूक झाली की काय बोलायचं

आधी पेशंट, मग डॉक्टर, मग नोंद, आणि सगळ्यात शेवटी बोलणं. नातेवाईकांसमोर किंवा मामा-मावशींसमोर एक शब्दही नाही. एकदा चारचौघांत अपमान झालेली मुलगी चुका कमी करत नाही, सांगणं कमी करते. त्याची किंमत पेशंट मोजतो.

बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारा: काय करायचं ठरलं होतं? काय झालं? मधे काय आडवं आलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा वॉर्डात सापडतं: दोन खाटांवर सारखं आडनाव, अर्धवट पुसलेलं केस पेपर, औषध भरताना तीनदा आलेली हाक. ते दुरुस्त करणं इन्चार्जचं काम आहे आणि तिच्यापर्यंत ते पोचवणं तुमचं.

"लक्ष देत जा" हा उपदेश वापरू नका, त्यातून तिला करण्यासारखं काही मिळत नाही. "खाटेचा नंबर नको, पेशंटला पूर्ण नाव विचार आणि केस पेपरवर बोट ठेव" असं सांगा.

रोज पाळी संपताना दहा मिनिटं याच्यासाठी राखा, चूक झालेली नसली तरी. आज काय नीट झालं, कशात अडलीस, उद्या काय करायचं. बस पकडायची असते, घरी मुलं वाट बघत असतात, हे खरंच आहे. म्हणून ओव्हरच्या आधीची दहा मिनिटं घ्या, नंतरची नको.

## ८. रात्रपाळी

आठव्या आठवड्याच्या आधी एकटीने नाईट नको. त्याआधी तुमच्यासोबत किमान चार रात्री झाल्या पाहिजेत. रात्री प्रश्न विचारायला माणूस नसतो, आणि पहाटे दोन ते चार या वेळात डोळेही साथ देत नाहीत.

नाईट सुरू होताना तिने स्वतः करायच्या गोष्टी: इमर्जन्सी ट्रॉली मोजून सही, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघणं, भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी, कोणत्या तीन पेशंटवर जास्त लक्ष ठेवायचं त्यांची नावं वहीत. फोन कुणाला करायचा त्याची उतरंड लिहिलेली हवी: ऑन-कॉल डॉक्टर, नाईट सुपरवायझर, शेजारच्या वॉर्डातली सीनियर सिस्टर. "मधे उठवलं तर चालेल का?" हा प्रश्न तिच्या मनात राहता कामा नये.

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा, आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर) यात्रेच्या दिवसांत वॉर्ड अचानक भरतात. तिची पहिली एकटीची नाईट या दिवसांत लावू नका.

> तपासणी: तिला विचारा, "रात्री तीनला पेशंट उठवून उठत नाही. पहिल्या दोन मिनिटांत काय करशील?" उत्तरात हाक मारणं, मदत बोलावणं, श्वास आणि नाडी बघणं, ग्लुकोज तपासणं हे न अडखळता आलं पाहिजे. "सरांना फोन करीन" एवढंच आलं तर आणखी दोन रात्री सोबत.

## ९. बारावा आठवडा

कौशल्यपत्रक घेऊन इन्चार्ज, तुम्ही आणि ती, तिघी अर्धा तास बसा. चौथा रकाना रिकामा असलेली कामं मोठ्याने वाचा. दोन-चार राहिली असतील तर तारीख टाकून पुढे न्या. निम्मी राहिली असतील तर तिला दोष देण्याआधी ड्युटी चार्ट काढून बघा, दोघी एका पाळीत किती दिवस होत्या ते.

तिला तुमच्याबद्दलही विचारा, आणि तुम्ही खोलीत नसताना इन्चार्जने विचारावं. जोडी जमलेली नसेल तर चौथ्या आठवड्यातच बदला, बाराव्यापर्यंत ओढू नका. बदलताना कुणाचीही तक्रार कागदावर न आणता फक्त पाळी बदला.

कौशल्यपत्रकाची एक प्रत तिच्या फाईलला, एक तिच्या हातात. तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली तर तिथली इन्चार्ज ती प्रत बघून यादीतली नवी कामं पहिल्या पायरीपासून सुरू करेल. जुनी कामंही एकदा तिसऱ्या पायरीवर पाहून घ्यायची, कारण तिथली ट्रॉली वेगळी आणि पेशंटही वेगळे.